फरक किती, अडसर कुठं: घरातली उष्णता आणि पाण्याचा दाब स्वतः तपासायची पद्धत

वरच्या मजल्यावर शॉवर नीट पडत नाही म्हटलं की प्लंबर पंप सुचवतो. गिझर उशिरा तापतो म्हटलं की दुकानदार मोठा गिझर दाखवतो. नदीवरची मोटार पाणी ओढेना झाली की सल्ला मिळतो, जास्त एचपीची घाला. तिन्ही तक्रारी वेगळ्या, औषध मात्र एकच: जोर वाढवा. आणि बऱ्याचदा ते औषध लागू पडत नाही.

उष्णता वाहते ती तापमानातल्या फरकामुळं. पाणी, हवा, गॅस वाहतात ते दाबातल्या फरकामुळं. दोन्हींच्या वाटेत काही ना काही आडवं येतंच: क्षाराचा थर, काजळी, साधी हवा, अरुंद पाइप, अर्धवट उघडलेला वॉल्व्ह. किती वाहणार ते या दोनच गोष्टींवर ठरतं. म्हणून तक्रार कुठलीही असो, आधी विचारायचं की फरक किती आहे, आणि मग शोधायचं की अडसर कुठं आहे. फरक वाढवायला यंत्र आणि वीज लागते, त्यामुळं दुकानात तोच विकला जातो. अडसर शोधायला लागते एक मोकळी सकाळ. ती कशी वापरायची ते इथं क्रमानं सांगतो.

सामान फारसं नाही. मोजायची टेप, दहा लिटरची बादली, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर आणि गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी, आठ-दहा मीटर. थर्मामीटर आधी पारखून घ्या. पातेल्यात पाणी खळखळ उकळवा आणि टोक पाण्यात धरा, तळाला टेकवू नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळं इथं पाणी १०० नाही, सुमारे ९८ अंशांना उकळतं. थर्मामीटर ९८ दाखवत असेल तर तो बरोबर आहे. १०० दाखवत असेल तर दोन अंश जास्त दाखवतोय, एवढं ध्यानात ठेवून पुढं वापरा.

पाण्याचा दाब: टाकीच्या आकाराला विसरा

दाब उंचीवर ठरतो, साठ्यावर नाही. हे पटायला कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. बंधाऱ्याच्या खांबांमधल्या खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या आडव्या फळ्या, एकावर एक बसवलेले असतात. पाणी चार मीटर अडलंय आणि पलीकडची बाजू कोरडी आहे असं धरा. दोन मीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद बरगा अर्धा मीटर खोलीवर असेल तर त्याच्यावर साधारण १५० किलोचा रेटा येतो. तसाच बरगा तळाशी, चार मीटरवर, १,२०० किलोचा रेटा सोसतो. मागं फुगवटा एक किलोमीटर पसरलाय की पाच, यानं त्यात काडीचा फरक पडत नाही. म्हणून खालचा बरगा जरा कुजला तरी तिथून पाण्याची धार फुटते, आणि वरचा तसाच कुजका बरगा वर्षभर निभावून जातो.

गच्चीवरच्या टाकीचंही तेच. १,००० लिटरची टाकी काढून ५,००० ची बसवली तरी पाण्याची पातळी तेवढीच राहिली तर शॉवरचा दाब एक कणभर वाढत नाही. हिशेब सोपा आहे: १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब. मीटरमागं ०.१ किलो.

पहिलं काम, टेप घ्या आणि टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून शॉवरच्या तोंडापर्यंत सरळ उभं अंतर काढा. पाइप किती वळणं घेत आला ते सध्या मोजायचं नाही. अगदी वरच्या मजल्यावर हे अंतर दोन-अडीच मीटरच भरतं, म्हणजे दाब जेमतेम ०.२ ते ०.२५ किलो. आता शॉवरची किंवा इन्स्टंट गिझरची पुस्तिका काढा. त्यावर किमान दाब छापलेला असतो. तिथं ०.५ बार लिहिलं असेल (एक बार म्हणजे साधारण १ किलो) तर तुम्हाला पाच मीटर उंची हवी. ती नसेल तर भांडण संपलं: टाकी उंच करा, कमी दाबाचा शॉवर घ्या किंवा खुशाल पंप बसवा.

पण उंची पुरेशी असूनही धार बारीक असेल, तर अडसर शोधायचा. इथं लेव्हलची नळी कामाला येते.

बाथरूममधल्या खालच्या नळाला नळीचं एक टोक क्लॅम्प लावून घट्ट बसवा. दुसरं टोक उघडंच ठेवून खिडकीतून वर न्या, टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्याही वर, आणि तिथं बांधून टाका. घरातले बाकी सगळे नळ बंद. आता हा नळ उघडा. नळीत पाणी चढत जाईल आणि टाकीच्या पातळीला येऊन थांबेल. पाइप गंजलेला असो, चोंदलेला असो, पाणी थांबलेलं असताना ते तिथंच येऊन थांबणार, कारण अडसर वाहत्या पाण्यालाच होतो. म्हणूनच नळ बंद असताना प्रेशर गेज लावून ‘दाब तर फुल आहे’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आता कुणाला तरी शॉवर पूर्ण सोडायला सांगा आणि नळीकडं बघत राहा. पाणी सरसर खाली येईल आणि नव्या जागी थांबेल. जितकं उतरलं तितका दाब पाइपनं वाटेत खाल्ला. अडीच मीटरपैकी वीत-दीड वीत उतरलं तर लाइन ठीक आहे, आणि संशय शॉवरच्या जाळीवर घ्यायचा. निम्म्याहून जास्त उतरलं तर लाइन चोंदलीय. ही नळी फक्त टाकीपासून हा नळ आणि शॉवर यांचे फाटे जिथं वेगळे होतात तिथपर्यंतचा अडसर दाखवते. म्हणून मग हीच तपासणी टाकीच्या जवळच्या नळावर करा, आणि कुठल्या दोन जागांमध्ये घसरण एकदम वाढते ते बघा. गुन्हेगार त्या दोघांच्या मधे असतो.

माझ्या अंदाजानं संशयितांचा क्रम असा लावावा: टाकीच्या बुडाचा गेट वॉल्व्ह, जो फिरतो पण आतली पट्टी उचलतच नाही, मग अँगल कॉक आणि नळाच्या तोंडाची जाळी, मग जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, विशेषतः बोअरचं पाणी असेल तर. पाइप बदलायची वेळ आलीच तर व्यासात कंजुषी करू नका. घरगुती लाइनमध्ये पाइपचा आतला व्यास निम्मा केला तर तेवढ्याच दाबाला पाणी निम्मं येत नाही, साधारण सहावा हिस्साच येतं. आतून क्षार धरून एक इंची पाइपचा अर्धा इंच झाला तर काय होतं ते यावरून कळेल.

अजून एक भानगड असते. लाइन गच्चीच्या कठड्यावरून चढून परत खाली उतरवलेली असेल तर त्या उंचवट्यात हवा अडकते. दाब तुटपुंजा असला की ती हटत नाही. पंप लावला की ती निघून जाते, त्यामुळं सगळ्यांना वाटतं पंपाचीच गरज होती. त्या उंचवट्यावर टाकीपेक्षा उंच जाणारी एक बारीक उभी नळी काढली तर पंपाविना काम होतं.

गरम पाणी: बंब, गिझर आणि सोलर

बंब बघा, जुन्या लोकांनी उष्णतेचं गणित किती नेमकं मांडलं होतं ते कळतं. जाळ मधल्या नळकांड्यात, पाणी त्याच्या चारी बाजूंनी. चुलीवरच्या पातेल्याला फक्त बुडाशी जाळ लागतो आणि बाकीचा कडेनं निघून जातो. बंबात तो बाहेर पडायच्या आधी पाण्याच्या भिंतीला घासूनच वर जातो. मात्र ‘तांब्याचा आहे म्हणून लवकर तापतो’ हे फारसं खरं नाही. तांबं उष्णता छान वाहतं, स्टेनलेस स्टीलच्या वीसपट आणि वर. पण इथं खरा अडसर धातूचा नाहीच. गरम धूर आणि धातू यांच्यामध्ये हवेचा जो पातळ थर चिकटून असतो, तो धातूच्या पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता अडवतो. त्यावर काजळी धरली की आणखी. म्हणून बंबाला पत्रा कुठला आहे यापेक्षा मधलं नळकांडं खरवडून साफ आहे का, हे महत्त्वाचं. तांब्याचा खरा फायदा म्हणजे ते ठोकून घडवायला सोपं आणि गंजून जात नाही.

विजेच्या गिझरचं वागणं याच्या उलट आहे. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळं तिच्यात गेलेली वीज शेवटी पाण्यातच उतरते, तिच्यावर क्षाराचा थर असो वा नसो. क्षारामुळं बिल फार वाढत नाही. कॉइल मात्र स्वतः भलतीच तापते, कारण तिची उष्णता थराआडून बाहेर पडायला तिला जास्त तापमान गाठावं लागतं, आणि मग ती एक दिवस जळते.

तेव्हा गिझर उशिरा तापतोय अशी तक्रार असेल तर असं करा. टाकीतलं सगळं पाणी गार झाल्यावर आत येणाऱ्या पाण्याचं तापमान घ्या, समजा २५ अंश. गिझर लावा, घड्याळ लावा. १५ लिटरला २५ वरून ५५ अंशांपर्यंत न्यायला सुमारे १,८९० किलोज्यूल लागतात, आणि २ किलोवॉटची कॉइल ते १६ मिनिटांत करते. तुमचा गिझर २०-२२ मिनिटं घेत असेल तर व्होल्टेज तपासा. २३० ऐवजी २०० व्होल्ट येत असतील तर कॉइल जेमतेम तीन चतुर्थांश ताकदीनं चालते. सकाळी गल्लीतले सगळे गिझर एकदम लागले की हेच होतं, आणि त्याला तुमचा नवा गिझरही अपवाद नसतो. वेळ बरोबर आहे पण पाणी पुरत नाही, असं असेल तरच मोठ्या टाकीचा विचार.

गिझरच्या सेफ्टी वॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून काही जण तिथं प्लग ठोकतात. तसं कधीही करू नका. २५ वरून ६५ अंशांपर्यंत तापताना १५ लिटर पाणी साधारण पाव लिटर फुगतं. मागं जायला नॉन-रिटर्न वॉल्व्हची आडकाठी असेल तर त्या पाव लिटरला तीच एक वाट असते. ती बुजवली की सगळा ताण टाकीच्या पत्र्यावर. तापताना थेंब पडणं ठीक आहे. गार असतानाही सतत धार लागत असेल तेव्हाच वॉल्व्ह बदला, तोही त्याच रेटिंगचा.

सोलरची तपासणी दुपारी बारा ते दोनमध्ये करायची. आधी काचेच्या नळ्यांना बाहेरून हात लावा. व्हॅक्यूम नळीची बाहेरची काच भर उन्हातही फारशी तापत नाही, कारण दोन काचांमधली पोकळी उष्णता बाहेर येऊ देत नाही. एखादी नळी शेजारच्या नळीपेक्षा चटका बसण्याइतकी गरम लागली तर तिच्यातली पोकळी गेली समजा. खात्री करायची तर नळीचं बंद टोक बघा. तिथं आतून आरशासारखा चंदेरी लेप असतो. आत हवा शिरली की तो पांढरा, दुधट पडतो. तेवढी नळी बदलायची, सगळा सेट नाही.

मग टाकी. नळ्यांत गरम झालेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर टाकीत जातं आणि गार पाणी खाली उतरतं, त्याला पंप नाही. हा रेटा फार नाजूक असतो, त्यामुळं स्टँड एका बाजूला खचला, टाकी पातळीत नसली किंवा नळ्यांच्या बुडाशी गाळ साचला तरी अभिसरण मंदावतं. पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं. कोल्हापूरचा अक्षांश सुमारे १६.७ अंश. गरम पाण्याची खरी गरज थंडीत, आणि तेव्हा सूर्य खाली असतो, म्हणून उतार अक्षांशापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त ठेवलेला बरा.

‘सोलरचं पाणी यायला बादलीभर गार पाणी सोडावं लागतं’ ही तक्रार सोलरची नाहीच, पाइपची आहे. वीस मीटर लांबीच्या पाऊण इंची पाइपमध्ये सहा लिटरच्या आसपास पाणी मावतं, आणि रात्रभर ते पाइपात गार होत बसतं. पाइपला फोमचं वेष्टन घातलं तर दिवसभरात अधूनमधून वापरताना फायदा होतो, पण रात्रभराची गोष्ट वेगळी, पहाटेपर्यंत ते पाणी निवतंच. पाइप अर्धा इंची केला तर वाया जाणारं पाणी जवळपास निम्मं होतं, पण दाब मार खातो. इथं दोन्ही एकदम मिळत नाही. टाकी बरीच उंच असेल तर बारीक पाइप घ्यावा, नसेल तर सहा लिटर पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरावं, असं माझं मत.

कुकर, शेगडी आणि कटाची तर्री

कुकरची शिट्टी म्हणजे मोजून घडवलेलं वजन. वाफेच्या नळीचं भोक ३ मिलिमीटर व्यासाचं असेल तर त्यावर ७० ग्रॅमचं वजन ठेवलं की आतला दाब बाहेरच्यापेक्षा १ किलोनं वाढेपर्यंत ते उठत नाही. पावसाळ्यात राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे एकेक करून उघडल्याच्या बातम्या येतात, तोही असाच प्रकार: ठरलेल्या पातळीपर्यंत दरवाजा पाण्याच्या दाबाला तोलून धरतो, पाणी त्यापुढं गेलं की दाब जिंकतो. १ किलो जादा दाबाला आपल्याकडं कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापमान मिळतं. उघड्या पातेल्यातल्या ९८ च्या तुलनेत मटण किंवा डाळ लवकर शिजते ती या बावीस अंशांमुळं.

यातून वापरायची रीत निघते. वाफ जोरात यायला लागल्यावरच शिट्टी ठेवा, म्हणजे आतली हवा निघून जाते; ती राहिली तर दाब पुरा होतो पण तापमान कमी भरतं. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा, वजन नुसतं सूं-सूं करत राहील इतका. मोठ्या जाळावर पाच शिट्ट्या काढल्या म्हणून आत १२० चे १३० होत नाहीत, वजन ते होऊच देत नाही. जास्तीचा गॅस नुसती वाफ बाहेर टाकतो. म्हणून शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजा. शिट्टीच होत नाही असं असेल तर गॅस मोठा करायच्या आधी झाकणाच्या कडेनं बोट न लावता बघा, कुठून वाफेची रेघ येते. ती गास्केटची जागा. वाफेची नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का ते दर वेळी बघा; डाळीचं एक टरफल तिथं अडकलं तर सगळा भार सेफ्टी वॉल्व्हवर येतो.

शेगडीच्या बाबतीत एकच सांगतो. सिलिंडरमध्ये गॅसचा दाब कित्येक किलो असतो आणि रेग्युलेटर तो उतरवून सुमारे ३० ग्रॅमवर आणतो, म्हणजे ३० सेंटिमीटर पाण्याइतका. इतक्या कमी दाबाला बर्नरच्या भोकातली चिमूटभर घाणही पुरते. मिसळीच्या गाड्यावर मोठ्या शेगडीचा सिलिंडर बाहेरून गार पडून त्यावर पाण्याचे थेंब किंवा बर्फाची पांढरी झाक दिसते, ते वेगळं प्रकरण. आतला द्रव उकळून वायू व्हायला उष्णता लागते, ती तो सिलिंडरच्या भिंतीतून ओढतो, आणि फार वेगानं गॅस काढला तर बाहेरची हवा ती पुरवू शकत नाही. दाब पडतो, जाळ मंद होतो. उपाय म्हणजे दोन सिलिंडर जोडून भार वाटणं. सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं किंवा त्याला शेक देणं हा उपाय नाही, ते धोक्याचं आहे.

आणि तिथंच उभे आहात तर कटाच्या पातेल्याकडं बघा. वर तर्रीचा थर असतो तोवर वाफ जवळजवळ दिसत नाही. पाण्याची बरीच उष्णता वाफेवाटे जाते आणि तेलाचा थर ती वाट बंद करतो. त्यामुळं न वाफाळणारा कट वाफाळत्या चहापेक्षा जास्त पोळतो.

गुऱ्हाळावर हे सगळं एका जागी

मुलांना हे शिकवायचं असेल तर दिवाळीनंतर एखाद्या गुऱ्हाळावर घेऊन जा. काहिलीतला, म्हणजे आटवायच्या मोठ्या कढईतला, उसाचा रस तापायला जेवढी उष्णता लागते त्याच्या कितीतरी पट ती आटवायला लागते. एक लिटर पाणी २५ वरून उकळीला न्यायला सुमारे ३०५ किलोज्यूल, आणि तेच लिटर वाफ करून उडवायला सुमारे २,२६०. सात पटींहून जास्त. म्हणून उकळी लवकर फुटते आणि पुढचं आटवणं संपता संपत नाही.

थर्मामीटर तिथंही न्या, पण लांब दांड्याचा, आणि गुळव्याला विचारून. पहिली उकळी शंभराच्या आसपास दिसेल. मळी काढून झाली, रस घट्ट होत चालला की आकडा चढायला लागतो, कारण साखर वाढेल तसा उकळबिंदू वाढतो. १०५-१०६ ला काकवी, ११६ ते ११८ ला गूळ. गुळव्या हे बुडबुड्यांच्या आकारावरून आणि पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी होते का यावरून सांगतो, आणि थर्मामीटर लावून बघितलं तर तो अंशा-दोन अंशांतच असतो.

अडसर इथंही तोच, बंबातला. काहिलीच्या बुडाखालचा धूर आणि पत्रा यांच्यातला हवेचा थर. त्यासाठी बुडाला बाहेरून धातूच्या पट्ट्या जोडलेल्या काहिलीही करून बघितल्या गेल्यात, म्हणजे धुराला घासायला जास्त पृष्ठभाग मिळतो. चुलवाणाला, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीला, हवा ओढून देतं ते धुराडं. दहा मीटर उंच धुराड्यात ३०० अंशांचा धूर असेल तर त्याची ओढ किती? फक्त ५ मिलिमीटर पाण्याइतकी. चुलवाणाच्या भिंतीला एक भेग पडली तरी तिथून गार हवा आत शिरते आणि ही ओढ बिघडते, म्हणून भेगा दिसल्या की मातीनं लिंपायच्या. चिपाड, म्हणजे रस काढलेला ऊस, वाळवूनच जाळायचं कारणही यातच आहे: घाण्यातून निघालेल्या ओल्या चिपाडात निम्म्याच्या आसपास पाणी असतं, आणि ते उडवायला पुन्हा किलोमागं तेच २,२६० किलोज्यूल, जे काहिलीला मिळायला हवे होते.

गुळाचा ३० किलोचा रवा, म्हणजे मोठी ढेप, मधून गार व्हायला एक किलोच्या ढेपेपेक्षा फार वेळ घेतो, वजनाच्या मानानं नाही तर जाडीच्या वर्गाच्या मानानं. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट.

घाट उतरताना

आंबा घाटातून साखरप्याकडं किंवा गगनबावड्याहून करूळ घाटानं खाली कोकणात जाताना गाडीचे ब्रेक उष्णता आणि दाब दोन्हींच्या कात्रीत सापडतात. हिशेब बघा. माणसांसकट १,५०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली तर साधारण ७,३५० किलोज्यूल ऊर्जा कुठंतरी जायला हवी. तेवढ्यात २४ लिटर पाणी उकळीला येतं. सगळा घाट नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ही उष्णता चार चाकांच्या डिस्क आणि ड्रममध्ये जाते.

पेडल दाबल्यावर पायाचा जोर ब्रेक ऑइलमधून चाकापर्यंत पोचतो, कारण द्रव दबत नाही. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषलेलं १५५ लाही उकळू शकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे, आणि वाफ दबते. पाय नुसता खाली जातो, चाक थांबत नाही.

निघण्यापूर्वी ऑइल शेवटचं कधी बदललं ते बघा. दोन वर्षं झाली असतील तर बदलूनच निघा. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये राहा, ऑटोमॅटिक गाडीत एल किंवा मॅन्युअलवर घ्या, म्हणजे बरीच ऊर्जा इंजिन खातं. ब्रेक हलका हलका सतत धरून ठेवू नका; थोडा वेळ पण ठाम दाबा आणि सोडा, म्हणजे मधल्या वेळात हवा लागते. पेडल मऊ लागायला लागलं तर ते भराभर पंप करा, खालचा गिअर टाका, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि सुरक्षित जागी थांबून अर्धा तास गाडी निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. गार झाल्यावर बुडबुडे विरतात आणि पेडल एकदम ठणठणीत लागतं. त्याला भुलून परतीचा प्रवास तसाच करू नका, आधी ऑइल बदला.

रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरचंच झाकण. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून शंभरावर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की एकदम उकळून अंगावर येतं. इंजिनावर हात ठेवता येईल इतकं गार होईपर्यंत हात लावायचा नाही.

नदीवरची मोटार

शेवटी ती मोटार. काठावरचा पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात नदीवरची हवा पाण्याला वर ढकलते. पंप फक्त पाइपमधला दाब कमी करतो. कोल्हापूरच्या उंचीवर हवेचा सगळा दाब मिळून पाण्याला साडेनऊ मीटरच्या थोडं वर चढवू शकतो, तेही पाइपात निर्वात पोकळी झाली तर. व्यवहारात सहा-सात मीटर. म्हणजे इथं फरकाला निसर्गाचीच मर्यादा आहे. पाच एचपी काढून दहा एचपी बसवली तरी हवा जास्त ढकलणार नाही.

त्यामुळं तपासणी अशी. पाण्याच्या पातळीपासून पंपाच्या मध्यापर्यंत उभं अंतर मोजा. सातपेक्षा जास्त असेल तर मोटार खाली न्या, बाकी काही बघू नका. कमी असेल तर मोटार बंद ठेवून, मेन स्विच काढून, सक्शन पाइप काठोकाठ भरा आणि दहा मिनिटं थांबा. पाणी उतरलं तर फूटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या बुडाचा, पाणी परत न सोडणारा वॉल्व्ह) गळतोय, नाहीतर सांध्यातून जातंय. चालू असताना सक्शनच्या सांध्यातून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते, म्हणून ही गळती डोळ्यांना दिसत नाही. सांध्यांवर साबणाचा फेस लावून मोटार चालवा. फेस जिथं आत ओढला जातो तिथं गळती. फूटव्हॉल्व्हची जाळी पूर ओसरल्यावर गाळानं आणि पालापाचोळ्यानं हमखास चोंदते, ती काढून धुवा. सक्शनचा पाइप डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठा ठेवा आणि त्यात एल्बो शक्य तितके कमी.

जानेवारीत चालणारी मोटार एप्रिलमध्ये रुसते ती बिघडल्यामुळं नाही, नदी दोन मीटर उतरल्यामुळं. दरवर्षी हाच त्रास असेल तर पाणबुडी मोटार परवडते, कारण ती खालून ढकलते आणि सक्शनची मर्यादाच उरत नाही. फक्त तिची उष्णता न्यायला भोवतालचं वाहतं पाणी लागतं. ती गाळात रुतली किंवा उघडी पडली तर वाइंडिंग जळतं, म्हणून तळापासून निदान अर्धा मीटर वर टांगा आणि कोरडी चालली तर बंद पडेल असा प्रिव्हेंटर स्टार्टरला जोडून घ्या.